आपण होऊन

दादानं तो कागद माझ्या उघड्या पुस्तकावर ठेवला आणि म्हणाला, "हे वाच. काय लिवलंय ते नीट सांग."

सकाळचे नऊ वाजले असतील. घराला लागून असलेल्या शेडमध्ये आमचे सहाही माग चालू होते. त्या खडखडाटामुळं आमच्या घरात साधं मीठ मागायचं तरी ओरडावं लागे. दादा त्या दिवशी हळू बोलला, म्हणून मी मान वर केली. त्याच्या मागं आई उभी होती, पदर तोंडाला लावून. सुगंधावहिनी मागल्या दारी धुणं धूत होती आणि तिला यातलं काही माहीत नव्हतं.

कागद निपाणीच्या एका दवाखान्याचा होता. आईला तो वहिनीच्या ट्रंकेत, साडीच्या घडीत सापडला होता. सुनेची ट्रंक सासूनं का उघडावी, हा प्रश्न त्या काळी आमच्या इचलकरंजीत कुणाला पडत नसे. मलाही पडला नाही.

हे शहाऐंशी सालचं. मी एकोणीस वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, तेही इंग्रजी घेऊन. दादा सातवीनंतर मागावर उभा राहिला, आई अंगठेबहाद्दर, वडील जाऊन सहा वर्षं झालेली. वासरांत लंगडी गाय शहाणी, तशी मी. मागाच्या सुट्या भागांची पत्रकं, वीज मंडळाच्या नोटिसा, गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या औषधाच्या बाटल्या, जे काही इंग्रजी असेल ते माझ्याकडं येई, आणि मी ते मोठ्यानं वाचून त्याचा अर्थ सांगे. न अडखळता सांगे. अडखळले तर मान कमी होईल, एवढी अक्कल मला होती.

त्यात मला एक खोड लागली होती. रद्दीच्या दुकानात मला एक पुस्तक मिळालं होतं, सारखे वाटणारे पण वेगळे असलेले इंग्रजी शब्द सांगणारं. ते मी पाठ केलं आणि गावाच्या चुका काढत सुटले. आमच्या चौकातल्या वह्यापुस्तकांच्या दुकानाच्या पाटीवर 'स्टेशनरी' या शब्दात एक अक्षर चुकलं होतं. मी आत जाऊन मालकांना सांगितलं की याचा अर्थ तुमचं दुकान एका जागी थांबलंय असा होतो. ते म्हणाले, "मग पोरी, पाटी बरोबरच हाय. दुकान कधी हाललंय काय?" सगळे हसले, पण मी हसले नाही. मला वाटलं, अडाणी माणसांपुढं शहाण्यानं कशाला तोंड उघडावं.

तर तो कागद मी हातात घेतला. वहिनी महिनाभरापूर्वी चुलतबहिणीच्या लग्नाला माहेरी निपाणीला गेली होती. तिसरा महिना संपत आला होता, पहिलटकरीण. तिथं तिचं पोट पडलं. दवाखान्यात दोन दिवस काढून, पंधरा दिवस तिच्या आईजवळ राहून ती परत आली, ती निम्मी होऊन. आईनं पहिले आठ दिवस तिला ऊन पाणी दिलं, शिरा करून घातला. मग आईच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. त्याला कारण एक पत्र होतं. लग्नाआधी वहिनीनं डी.एड.ला अर्ज केला होता आणि नेमकं तिला दिवस गेल्यावरच कॉलेजचं बोलावणं आलं. आई म्हणाली, पोटुशी बाई कॉलेजात जाते का कुठं. वहिनीनं पत्र ठेवून दिलं. फक्त एकदा, भाकरी थापताना, ती माझ्याशी बोलून गेली की पोर एखादं वर्ष उशिरा आलं असतं तर बरं झालं असतं. ते आईच्या कानावर गेलं. कसं गेलं ते सांगायला नको. मीच सांगितलं होतं.

कागदावर डॉक्टरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. पण एका ओळीखाली दोन शब्द स्वच्छ होते. स्पॉन्टेनियस अबॉर्शन.

दुसरा शब्द मी दोनदा वाचला. पोट आपोआप पडलं तर त्याला मिसकॅरेज म्हणतात आणि मुद्दाम पाडलं तर अबॉर्शन, हा फरक त्या पुस्तकात ठळक दिला होता आणि तो मला पाठ होता. पहिल्या शब्दासाठी मी कपाटातून शब्दकोश काढला. मॅट्रिकला बक्षीस मिळालेला, जाडजूड. बोट फिरवत त्या शब्दापाशी आले. दादा माझ्या बोटाकडं बघत होता, जसं काही ते बोटच बोलणार आहे.

"आपखुशीनं, आपण होऊन केलेला," मी म्हणाले, "गर्भपात."

आई मटकन खाली बसली. दादा शेडमध्ये गेला आणि त्यानं एक एक करून सहाही माग बंद केले. कामाच्या दिवशी आमच्या घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. त्या शांततेलाच घाबरून वहिनी ओल्या हातानं आत आली.

दादानं तिला कागद दाखवला. हा तुझाच का, विचारलं. ती हो म्हणाली. लपवला का होतास, असं त्यानं विचारल्यावर ती म्हणाली की लपवला नाही, जपून ठेवला, पुन्हा दिवस गेले तर दाखवायला लागेल असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं.

"यात लिवलंय की तू आपण होऊन केलंस."

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मी नजर खाली घातली.

"नाही ओ. पडलं. मी काय केलं नाही, आपोआप पडलं."

"पडलं न्हाई," दादा म्हणाला, "पाडलंस."

मराठीत एका कान्याचा फरक. आई रडत मधे पडली आणि त्या डी.एड.च्या पत्राचं, भाकरी थापतानाच्या बोलण्याचं, सगळं उकरून काढलं. वहिनीनं एकदा माझ्याकडं बघितलं, आणि ते बोलणं कुठून गेलं हे तिला समजलं. दादाचे दोन्ही हात धरून ती परत म्हणाली, "पडलं ओ. तुमच्या गळ्याशपथ, पडलं."

मग म्हणाली, उद्या माझ्याबरोबर निपाणीला चला आणि डॉक्टरबाईंना विचारा. दादा म्हणाला, पैसे घेऊन ज्यानं केलं तो कबूल करतोय व्हय? आणि हे विचारायला जायचं म्हणजे आपल्या हातानं गावभर करायचं. तो बोलत होता ते मला तेव्हा रास्त वाटलं. आज विचार करते तेव्हा कळतं की त्याला विचारायचंच नव्हतं. कागदावर इंग्रजीत लिहिलेलं होतं, तेवढं त्याला पुरे होतं.

शेवटी वहिनी माझ्यासमोर आली. बारावी झालेली होती ती, पण मराठी शाळेत, इंग्रजी अक्षरं लावत लावत वाचायची.

"हेमाताई, परत एकदा बघा. त्या शब्दाला दुसरा काही अर्थ आहे का?"

शब्दकोश माझ्या मांडीवर उघडाच होता.

"नाही," मी म्हणाले.

दुपारच्या एस.टी.नं दादा तिला निपाणीला पोचवून आला. तिच्या वडिलांच्या, तात्यांच्या, दारात पिशवी ठेवली आणि आत न जाता परत फिरला. तात्या तंबाखूच्या वखारीत मुकादम होते, सरळ माणूस. ते दोनदा समजूत काढायला आले. दोन्ही वेळा दादा शेडमधून बाहेर आला नाही आणि आई तो कागद त्यांच्या तोंडासमोर धरून उभी राहिली. तो त्यांना वाचता येत नव्हता, तिलाही येत नव्हता. सहा महिन्यांनी कळलं की वहिनीनं डी.एड.ला नाव घातलं. झालं, आईच्या म्हणण्यावर शिक्का बसला. बघा, यासाठीच केलं. मीही मान डोलावली.

दीड वर्ष गेलं. दादा मुकाट झाला. मागावर उभा राहायचा, जेवायचा, झोपायचा. आईनं रेंदाळची एक मुलगी बघून ठेवली होती. दादा तिला हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. काडीमोडाचा कागद करायचं चाललं होतं आणि अक्षयतृतीयेपर्यंत उरकून टाकू, असं आई शेजारणीला सांगत होती.

त्यात सुट्टीच्या दिवशी भरदुपारी शेडला आग लागली. मागल्या कोपऱ्यात, जिथं माग पुसायचे तेलकट सुताचे बोळे पोत्यांत दाबून ठेवलेले असत, तिथं. गल्लीतली माणसं धावली म्हणून माग वाचले. पण सूत गुंडाळून ठेवलेली चार बिमं आणि छपराचा निम्मा भाग गेला. विमा उतरवलेला होता. कंपनीचा माणूस आला, काडीनं राख उकरून गेला, आणि महिन्यानं कोल्हापूरहून पत्र आलं. इंग्रजी. दादानं ते माझ्यासमोर ठेवलं.

मजकूर लांब होता, पण कारण एका ओळीत होतं. स्पॉन्टेनियस कम्बश्चन. या वेळी मला शब्दकोश काढावा लागला नाही. पहिला शब्द मी जन्मात विसरणार नव्हते आणि दुसरा येत होता.

"आपण होऊन लावलेली आग," मी म्हणाले. "म्हणून भरपाई देता येत नाही, असं लिहिलंय."

दादा ताडकन उठला. दीड वर्षांत त्याचा आवाज एवढा चढलेला मी ऐकला नव्हता. "आपण होऊन? म्हंजे मी लावली? शेड माझी, सूत माझं, मी कशाला लावीन? मी काय केलं न्हाई हेमे, आपोआप लागली!" बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. आणि मी, बी.ए. होत आलेली बाई, त्याला पाणी दिलं आणि म्हणाले की असा खोटा आळ सहन करायचा नाही, चल कोल्हापूरला. दादाच्या तोंडचे ते शब्द आधी कुणाकडून ऐकलेत, हे मला तेव्हाही सुचलं नाही. माणूस किती बहिरा असू शकतो, त्याला काही सुमार नाही.

कंपनीच्या कचेरीत देवस्थळी नावाचे साहेब होते. निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर चढवून बोलणारे. दादानं पत्र त्यांच्या टेबलावर आपटलं आणि देवाशपथ, आईशपथ सुरू केलं. साहेबांनी त्याला बोलू दिलं. मग विचारलं की आग तुम्ही लावली असं कुणी सांगितलं तुम्हांला.

दादानं माझ्याकडं बोट केलं.

"अहो बाई," ते म्हणाले, "स्पॉन्टेनियस म्हणजे आपोआप. कुणी न लावता, आतल्या आत. तेलकट सूत पोत्यात दाबून ठेवलं की त्यात ऊब साठत जाते आणि एक दिवस ते स्वतःच पेट घेतं. यात तुमच्या भावाचा काही हात नाही, असंच आम्ही लिहिलंय. आपोआप लागलेल्या आगीला तुमच्या पॉलिसीत भरपाई नाही, एवढंच."

दादाच्या चेहऱ्यावर हसू आलं. पैसे मिळणार नव्हते, तरी तो हसला. "म्हंजे मी काय केलं न्हाई, असं कागदावर लिवलंय?" त्यानं विचारलं. साहेब म्हणाले, हो, अगदी तसंच. दादानं टोपी काढून तोंड पुसलं.

आणि पुसता पुसता त्याचा हात थांबला.

मला आधी कळलं की त्याला, ते सांगता येत नाही. टेबलाची कड धरून मी उभी होते आणि साहेबांच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर मला दिसत होतं, पण त्यावरचे आकडे लागत नव्हते.

दादा खाकरला. "साहेब, हा शब्द दवाखान्याच्या कागदावर असला तर? बाईमाणसाच्या?"

"पुढचा शब्द काय आहे?"

दादाला तो उच्चारता येईना. मी उच्चारला.

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि आमच्याकडं नीट पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाले की त्याचा अर्थ बाईचं पोट आपोआप पडलं. त्यांच्या धाकट्या सुनेच्या कागदावर गेल्या वर्षी हेच होतं. मी म्हणाले, पण आपोआप पडलं तर मिसकॅरेज म्हणतात ना? माझा आवाज मलाच परका वाटला. ते म्हणाले, "आपण म्हणतो. डॉक्टर लोक दोन्हींला अबॉर्शनच म्हणतात. म्हणून तर पुढं स्पॉन्टेनियस लिहायचं, बाईवर आळ येऊ नये म्हणून."

बाईवर आळ येऊ नये म्हणून लिहिलेला शब्द. तोच मी तिच्या गळ्यात धोंड्यासारखा बांधला होता.

बाहेर पायरीवर दादा बसून राहिला. त्यानं मला एखादा शब्द तरी बोलायला नको होता का? शिव्या द्यायच्या, मारायचं, काहीही. त्यानं फक्त विचारलं, निपाणीची गाडी इथनंच मिळती न्हवं? आम्ही घरी न जाता तसेच गाडीत बसलो.

ती परत नांदायला आली नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच आशा लागायला नको. पुढं ती शिक्षिका झाली, कागल भागात नोकरी केली, तिच्यासारख्याच एका मास्तरांशी तिनं लग्न केलं आणि तिला दोन मुलगे झाले, असं ऐकलं. दादानं दुसरं लग्न केलं नाही. मी एकतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं आणि एका शब्दाला एकच अर्थ असतो असं एकाही मुलाला शिकवलं नाही. पण हे नंतरचं. त्या दिवशी गाडीत दादाला वाटत होतं की आपण तिला आणायलाच चाललोय. त्यानं निपाणीच्या स्टँडवर मोगऱ्याचा गजरासुद्धा घेतला.

तात्यांनी दार उघडलं. पाण्याचा तांब्या आणून ठेवला, पण बसा म्हणाले नाहीत. वहिनी आतल्या खोलीत जमिनीवर तक्ता पसरून रंगवत होती. दुसऱ्या दिवशी तिला शाळेत सरावाचा पाठ घ्यायचा होता. ती उठून उंबऱ्याशी आली. बोटांना निळा रंग होता. अंगानं भरली होती आणि आमच्या घरात होती त्यापेक्षा उंच वाटत होती.

दादानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आग, पत्र, साहेब, शब्दाचा खरा अर्थ. तुझं खरं होतं म्हणाला, हेमीनं चुकीचं वाचलं म्हणाला. तात्या भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. वहिनी मात्र रडली नाही. सगळं ऐकून झाल्यावर ती माझ्याकडं वळली.

"हेमाताई, मी तेव्हा तुम्हांला विचारलं होतं. दुसरा काही अर्थ आहे का म्हणून."

दीड वर्ष मी जे स्वतःलाही सांगितलं नव्हतं ते सांगायची वेळ आली होती. मला खोटं बोलता आलं असतं. शब्दकोश इचलकरंजीत होता, कोण बघायला जाणार होतं?

"होता," मी म्हणाले. "पहिलाच होता, आपोआप घडणारं. मी वाचला होता. पण अबॉर्शन म्हणजे मुद्दाम केलेलंच, हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो मला पटला नाही. मी दुसरा सांगितला."

दादानं गर्रकन मान वळवली. हे त्यालाही नवीन होतं. कचेरीत नाही, पायरीवर नाही, गाडीतही मी ते बोलले नव्हते. माझं इंग्रजी कच्चं होतं, एवढंच त्यानं धरलं होतं. तो माझ्याकडं बघत राहिला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू सैल झाला. त्याला सुटकेची वाट दिसली होती.

"बघ," तो तिला म्हणाला, "ऐकलंस न्हवं? मला इंग्रजी येतंय व्हय, सुगंधा? हिनं सांगितलं ते मी धरलं. यात माझी काय चूक?"

मलाही ते पटलं. खरंच त्याची काय चूक, सगळं पाप माझं, असं मी म्हणणारही होते. तिनं मला बोलू दिलं नाही.

"तुम्हांला इंग्रजी येत नाही हे मला माहीत होतं," ती म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. "म्हणून मी मराठीत सांगितलं होतं. पडलं म्हणून सांगितलं होतं, तुमच्या गळ्याची शपथ घेऊन. ते तरी कळायला पाहिजे होतं."